आधी तुम्ही ठेवा

टेलिफोन उचलणं कुणालाही जमतं; माणसाची खरी परीक्षा तो खाली ठेवताना होते, असं किइचिरो नागोशी यांचं ठाम मत होतं. काझेउरा नगरपालिकेच्या पर्यटन विभागात त्यांनी तीसेक वर्षं टेलिफोनवर काढली होती, त्यामुळे या विषयावर मत असण्याचा त्यांना अधिकारच होता. विभागात नवा माणूस आला की नागोशी पहिल्याच दिवशी त्याला शिकवत: समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. समोरचा खोकत असो, चहा पीत असो, मध्येच बायकोशी भांडत असो, आपण रिसीव्हर कानाला लावून थांबायचं. तिकडून खट्ट असा आवाज आला की कमरेतून थोडं वाकायचं आणि मग झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा दोन्ही हातांनी रिसीव्हर ठेवायचा. वाकलेलं समोरच्याला दिसत नाही हे खरं, पण न वाकणाऱ्याचा आवाज बरोबर कळतो, असं ते म्हणत. निवृत्तीनंतर घरच्या फोनवरही त्यांनी हा नियम कधी मोडला नव्हता.

हे टेलिफोन कशासाठी येत, तेही सांगायला हवं. काझेउरासमोरच्या आखातात वसंतातल्या एखाद्या दुपारी मृगजळ उठतं. डोंगरावरच्या बर्फाचं पाणी समुद्रात येत असतं, वरची हवा मात्र उबदार झालेली असते, वारा जेमतेम हलत असतो. अशा वेळी पलीकडचा किनारा पाण्यातून वर येतो, ताणला जातो, आणि एरवी जिथे काहीच नसतं तिथे भिंतीच्या भिंती उभ्या राहतात. ते पाहायला लांबलांबून लोक येतात, आणि शहाणे लोक निघण्याआधी फोन करून विचारतात, "आज दिसतंय का हो?" त्या फोनवर नागोशी असत. मृगजळ उठलं की विभागातले बाकी सगळे चपला सरकवून किनाऱ्याकडे पळत, फोन एकामागून एक वाजत सुटत, आणि नागोशी शांतपणे सांगत, "हो, आज फारच सुंदर दिसतंय. पलीकडच्या इमारती तटबंदीसारख्या उभ्या आहेत." त्यांच्या टेबलाची खिडकी डोंगराच्या बाजूला उघडत होती. गावातल्या शेंबड्या पोरांनीसुद्धा पाहिलेलं ते मृगजळ, नोकरीसाठी डोंगरातल्या गावातून आलेल्या नागोशींनी एकदाही पाहिलं नव्हतं.

निवृत्तीनंतरचे वसंत कसे गेले ते न विचारलेलं बरं. एकदा डोळ्याला मोतीबिंदूची पट्टी होती. एकदा मुलीच्या बाळंतपणासाठी सेन्दाईला राहावं लागलं. एकदा तर ते थेट किनाऱ्यावरच बसून होते, पण उन्हात डुलकी लागली, आणि काझेउराची माणसं इतकी सभ्य की झोपलेल्या वडीलधाऱ्या माणसाला उठवायचं धाडस कुणी केलं नाही. जाग आली तेव्हा पलीकडे नेहमीचा सपाट समुद्र होता, आणि मांडीवर कुणीतरी काळजीने पांघरलेला टॉवेल.

यंदाचा वसंत शेवटचा होता. जूनमध्ये घर सोडून कायमचं मुलीकडे सेन्दाईला जायचं ठरलं होतं, आणि घरभर खोकी पसरली होती. ज्या मृगजळाबद्दल आपण निम्म्या देशाला सांगितलं, ते न बघताच गाव सोडायचं, हा विचार नागोशींना दुपारी पाठ टेकली की हमखास छळायचा. पण रोज किनाऱ्यावर जाऊन बसायचं तर गुडघा वाऱ्याला कुरकुरायचा. नगरपालिका हल्ली मृगजळाची वर्दी मोबाइलवर धाडते. पण टेलिफोनची चौकशी बंद करून ती सोय सुरू झाली होती, आणि तीही नागोशींच्या निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी. तेव्हा मोबाइल कपाटात आणि नागोशींचा स्वाभिमान त्याच्यावर कुलूप लावून बसलेला, अशी परिस्थिती होती.

उपाय काढला कूमोदेने. कूमोदे हा बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला त्यांचा जुना मित्र. घर ऐन किनाऱ्यावर. त्याने मृगजळ इतक्या वेळा पाहिलं होतं की आता तो त्याला नावं ठेवायचा.

"हे बघ किइची," कूमोदे म्हणाला, "माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतूनसुद्धा दिसतं मला. उठलं रे उठलं की मी तुला फोन लावतो. तू फक्त उचल आणि पळत सुट. आभार-बिभार मानत बसू नकोस."

"उचलल्यावर नाव तरी सांगू ना?"

"नको! नुसता पळ!"

त्या दिवसापासून नागोशी दुपारी जेवण झालं की पुढच्या दाराजवळच्या फोनशेजारी बैठक घालून बसू लागले. एप्रिलचं ऊन जाळीच्या दारातून आत येऊन लाकडी फरशीवर पसरायचं. फुसाए, म्हणजे त्यांची बायको, आतल्या खोलीत वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत असायची. त्या कागदांची खसखस ऐकत नागोशी अर्धे जागे, अर्धे झोपेत, अशा एका मधल्याच मुलखात जाऊन पोचत. तिथे आखात असायचं आणि आखातावर काहीतरी उभं असायचं, पण नेमकं काय ते दिसायच्या आत मान पुढे कलंडायची.

आणि एका दुपारी फोन वाजला.

"नागोशी बोलतोय!" नाव सांगायचं नाही हे ते विसरले. एक पाय मात्र चपलेत गेला होता.

"नमस्कार. हिदामारी सवलत मंडळातून कियुना बोलतेय. तुमचा थोडासा वेळ घेऊ का?" बाईचा आवाज होता. कुठल्यातरी दक्षिणेच्या बेटावरचा असावा; शब्द उन्हात वाळत घातल्यासारखे सैलसर येत होते.

इथे दुसऱ्या कुणी 'नको' म्हणून विषय संपवला असता. पण टेलिफोनवर पोट भरलेल्या माणसाला, दुसरा टेलिफोनवर पोट भरतोय म्हटल्यावर मध्येच तोडता येत नाही. नागोशींनी पाय चपलेतून काढला आणि ऐकू लागले. मंडळाची वर्गणी दर महिन्याला, आणि त्या बदल्यात सवलतींचा नुसता पाऊस. गरम झऱ्यांच्या विश्रामगृहांत सवलत, चष्म्यांवर सवलत, प्रवासी बॅगांवर सवलत. कियुनाबाई एकेका झऱ्याचं असं वर्णन करत होत्या की नागोशींना वाफेचा वास यायला लागला.

"आणि ज्येष्ठांसाठी खास, अंत्यविधीच्या फुलांवरसुद्धा."

"मी ज्येष्ठ आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही उचलल्याबरोबर नाव सांगितलंत. आता असं कुणी करत नाही हो."

नागोशींना हे अपमानाचं वाटलं की कौतुकाचं, ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी "जरा विचार करून बघतो" असं म्हटलं. तिकडच्या भाषेत यापेक्षा कडक नकार नसतो, आणि कियुनाबाईंनाही तो कळला. त्यांनी आभार मानले. नागोशींनीही मानले. मग दोघं गप्प झाली.

नागोशी खट्ट ऐकू यायची वाट पाहत होते. खट्ट काही येईना. आता झालं होतं असं, की हिदामारी मंडळातही कुणीतरी नागोशींच्याच तालमीतला माणूस असावा, कारण तिथेही पहिल्या दिवशी हेच शिकवत: गिऱ्हाइकाने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. दोन टोकांना दोन सभ्य माणसं रिसीव्हर कानाला लावून एकमेकांची वाट पाहत राहिली. तिकडून खूप माणसांची एकत्र गुणगुण ऐकू येत होती, एक पंखा फिरत होता, मधूनच कुणीतरी दबक्या आवाजात हसत होतं. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. नागोशींना वाटलं, आपण एखाद्या शिंपल्याला कान लावून बसलोय. मन इतकं निवांत झालं की आपण कशासाठी बसलोय हेच ते विसरले.

तेवढ्यात फुसाए हातात मुळा घेऊन आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मुळ्याच्या टोकाने फोनची कळ दाबून तो बंद केला.

"कुणाचा होता?"

"सवलत मंडळाचा."

"त्यांचं बोलणं केव्हाच संपलं. मग इतका वेळ काय करत होतात?"

"थांबलो होतो," नागोशी म्हणाले.

त्यांनी रिसीव्हर ठेवायला आणि दारातून कूमोदे आत यायला एकच गाठ पडली. तो लालबुंद झाला होता.

"अरे, कुणाशी बोलत होतास? लावतोय, लावतोय, नुसतं टूं टूं टूं! आज काय उठलं होतं म्हणून सांगू! जहाजावर उलटं जहाज, त्याच्यावर परत सुलटं!"

"मग तू इथे यायचंस ना पळत!"

"मृगजळ सोडून?" कूमोदेला प्रश्नच कळला नाही.

बातमी गावभर झाली. काझेउरात बातमी गावभर व्हायला केशकर्तनालयात एक खुर्ची भरलेली पुरते. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. न्हाव्याच्या मते अशा फोनवर आपण वारलो असं सांगावं, ते लगेच ठेवतात. "पण मीच बोलत असताना?" असं नागोशींनी विचारलं, तर न्हावी म्हणाला, आवाज जरा खोल काढायचा. मासळीवालीने सांगितलं की आपणच उलटं त्यांना काहीतरी विकायला लागावं. तिने एका विमावाल्याला असं माकूळ विकलं होतं. देवळातल्या पुजाऱ्याने सुचवलं की फोन खाली ठेवणं हा मुळात अहंकार सोडण्याचाच अभ्यास आहे. हे नागोशींना पटलं, पण पुजाऱ्याच्या घरी फोन त्याची आई उचलते हेही त्यांना ठाऊक होतं.

कियुनाबाईंचे फोन येतच राहिले, आणि नेमके दुपारीच. त्यांचा तरी काय दोष? 'विचार करून बघतो' म्हणणाऱ्याला पुन्हा फोन करायचा, असा त्यांच्याकडे नियम होता.

शेवटी नागोशी नगरपालिकेच्या ग्राहक तक्रार कक्षात गेले. तिथे आता एबाता नावाची बाई प्रमुख होती. कधीकाळी ती पर्यटन विभागात नागोशींच्या हाताखाली लागली होती. तिने त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुरुजी, सोपं आहे. 'नको' म्हणायचं आणि ठेवून द्यायचा."

"आधी आपण?"

"आधी आपण."

"एबाता, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्ही शिकवलंत त्याच्या उलटं करायला मला दहा वर्षं लागली," एबाता कळवळून म्हणाली. "घरी सासूबाईंचा फोन आला की मी रात्रीपर्यंत कानाला लावून बसायचे. त्यांचंही तसंच. नवरा म्हणायचा, तुम्ही दोघी बोलता तरी काय?"

नागोशींचा चेहरा पाहून तिला कणव आली. तिने कपाटातून एक यंत्र काढलं. नगरपालिका ते ज्येष्ठांना फुकट वापरायला देई. ते फोनला जोडलं की घंटी वाजण्याआधी समोरच्याला एक कडक आवाज ऐकू येई: फसवणूक टाळण्यासाठी हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे, कृपया आपले नाव सांगा. सांगितलेलं नाव मग घरात ऐकू येई. यंत्राबरोबर दाराला लावायची एक चिकटपट्टीही होती. तीवर हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र आणि खाली 'या घरात सावध ज्येष्ठ राहतात' असं. ज्या इमारतीत आपण अर्धं आयुष्य सल्ले दिले, तिथून आपल्याला हसरा म्हातारा घेऊन बाहेर पडावं लागतंय, याचं नागोशींना फार वाईट वाटलं. वळणावर त्यांनी ती पट्टी घडी करून खिशात घातली.

यंत्र जोडलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्याने आपलं काम चोख बजावलं. दुपारी मृगजळ उठलं. कूमोदेने अंगावर टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून धाव घेतली, फोन लावला, आणि पलीकडून त्याला त्याच्या जिवलग मित्राच्या घराने बजावलं की फसवणूक टाळण्यासाठी त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित होत आहे. कूमोदेने फोन आपटला.

कियुनाबाईंनी मात्र तीच सूचना त्याच दुपारी शेवटपर्यंत आदराने ऐकली, विचारल्याप्रमाणे नाव सांगितलं, मंडळाचंही सांगितलं, आणि थांबल्या. इतक्या रीतीने वागणाऱ्या माणसाचा फोन न उचलणं नागोशींना शक्यच नव्हतं.

"मी फसवणारा?" संध्याकाळी कूमोदे फाटकाबाहेरूनच ओरडला. आत यायला तो तयार नव्हता. "माझा आवाज साठवून ठेवतोस? ज्याने तुला पोहायला शिकवलं त्याचा?"

"तू शिकवलंस, पण मला आलं नाही," नागोशी म्हणाले. ते खरं होतं, पण ही वेळ ते सांगायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी नागोशी कोट-टाय घालून, मिठाईचा डबा कापडात बांधून कूमोदेकडे माफी मागायला गेले. कूमोदेच्या बायकोने डबा दोन्ही हातांनी घेतला, वाकून स्वागत केलं. कूमोदे बाहेर आला नाही. आतून नुसता खोकला. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरून लोणच्याचं मडकं आलं. ते मिठाईच्या डब्यापेक्षा मोठं होतं. फुसाएने मडक्याकडे पाहून मान हलवली. एवढ्या मोठ्या परतभेटीचा अर्थ एकच, की आमच्यावर तुमचं काही राहिलं नाही, आता बोलणं बंद.

म्हणजे आता मृगजळाची खबर द्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि मे महिना अर्धा सरला होता. खोक्यांचा ढीग छताला लागायला आला. नागोशी रोज फोनजवळ बसत, पण कशाची वाट पाहत, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आत्तापर्यंत ते चिडत तरी होते. आता ते चिडेनासे झाले, आणि हे फुसाएला जास्त काळजीचं वाटलं.

पुढच्या फोनला कियुनाबाई सहज बोलून गेल्या, "हा फोन फक्त जे सभासद नाहीत त्यांनाच येतो हो." नागोशींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सभासद झालं की फोन बंद! त्यांनी तिथल्या तिथे वर्गणी भरायचं कबूल केलं. कियुनाबाई म्हणाल्या, "खरंच? नागोशीसान, या महिन्यातले तुम्ही माझे पहिले." त्या आवाजातला आनंद ऐकून नागोशींना आपण काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटलं.

सवलतींचं पुस्तक टपालाने आलं. चकचकीत होतं. फुसाएने पानं उलटून पाहिली. सगळ्या सवलती ओसाका नि नागोयाच्या बाजूला होत्या. काझेउराच्या आसपास फक्त दोन. एक बंद पडलेलं बोलिंगचं सभागृह आणि दुसरं कूमोदेच्या मेहुण्याचं चष्म्याचं दुकान, जिथे सगळ्या गावाला तशीही सवलत मिळे.

"पण फोन तर थांबले ना!" नागोशी म्हणाले.

आणि फोन वाजला.

"नमस्कार, कियुना बोलतेय. मी आता सभासद समाधान विभागात आहे. तुमच्यामुळेच बढती मिळाली! नव्या सभासदांना आम्ही दर आठवड्याला फोन करून विचारतो, समाधान आहे ना?"

असं ते चाललं होतं.

मेच्या अखेरीची एक दुपार. सकाळी हुडहुडी भरावी इतका गारवा होता, आणि जेवणानंतर अंगावरचं लोकरी जाकीट नकोसं झालं. पान हलत नव्हतं. फुसाए किनाऱ्यावरच्या मासळीवालीचा निरोप घ्यायला गेली होती. समाधानाचा फोन आला, तेव्हा नागोशींनी धीर एकवटला.

"कियुनासान, मला सभासदत्व सोडायचं आहे. आम्ही गाव सोडून सेन्दाईला जातोय."

"हो का?" आवाज बारीक झाला. "त्यासाठी तुम्हाला निरोप विभागाशी बोलावं लागेल. त्यांची रांग मोठी असते. मीही तुमच्याबरोबर थांबते हं, तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून. चालेल?"

"चालेल."

दोघं थांबली. पलीकडे पंखा फिरत होता. या शांततेची नागोशींना आता चांगलीच सवय झाली होती. इतकी, की निरोप विभागाने लवकर उचलू नये असं त्यांना वाटून गेलं.

"सेन्दाईला जाताय म्हणजे समुद्र सोडून?" कियुनाबाईंनी विचारलं.

"समुद्र तिथेही आहे. मृगजळ नाही."

"तुमच्याकडचं ते मृगजळ? आमच्या पुस्तकातही त्याचं चित्र आहे. कसं दिसतं हो?"

नागोशींनी घसा साफ केला. तीसेक वर्षांचा सराव आपोआप जिभेवर आला. "पलीकडच्या इमारती तटबंदीसारख्या उभ्या..." आणि तिथे ते थांबले. कानावरचा रिसीव्हर गरम झाला होता. खिडकीबाहेर झेंडूच्या कुंडीवर ऊन इतकं निश्चल पडलं होतं की कुठेच काही घडत नसावं असं वाटत होतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी कधी पाहिलेलं नाही."

पलीकडे बराच वेळ पंखाच ऐकू येत राहिला. नागोशींना वाटलं, आता खट्ट होईल.

"मीही एकाही गरम झऱ्याला गेलेली नाही," कियुनाबाई म्हणाल्या. "आमच्या बेटावर उकाडाच एवढा. वाफेत बसायला कोण जाणार? वर्णन पाठ केलंय नुसतं."

"पण तुमचं ऐकून मला वास यायचा."

"खरंच?"

"खरंच. गंधकाचा, आणि ओल्या लाकडाचा."

दोघं हसली. इतक्यात बाहेर रस्त्यावरून पावलांचा थडथडाट आला, फाटक भिंतीवर आपटलं, आणि दारात कूमोदे उभा राहिला. अंगात बनियन, एका पायात चप्पल, तोंडातून धड शब्द फुटेना. बोलणं बंद असल्याचं तो साफ विसरला होता.

"उठलंय!" तो म्हणाला. "किइची, असं जन्मात पाहिलं नाही! सगळं आखात उभं राहिलंय! चल!"

"तू... सोडून आलास?"

"चल म्हणतो ना! ठेव तो फोन!"

नागोशी उठले. रिसीव्हर हातात होता. "कियुनासान, मला जायला हवं. माफ करा. कृपा करून ठेवता का?"

"आधी तुम्ही ठेवा, नागोशीसान."

"नाही, आधी तुम्ही."

"मला नाही ठेवता येत. आमचं सगळं वरिष्ठ ऐकत असतात हो. नुकती तर बढती झालीय."

"आणि मी ठेवला तर..." तीस वर्षं एका गोष्टीवर ताठ उभं राहावं आणि ऐनवेळी ती गोष्ट अंगावर पडावी, तसं झालं. हात खाली जाईना. कूमोदे दारात नाचत होता.

"अरे, गेलं ते! जाईल ते! ठेव!"

नागोशींनी शेवटी गुडघे टेकले, बसायची गादी ओढली आणि रिसीव्हर तीवर अलगद आडवा ठेवला. बंद न करता. "मी येतो," त्यांनी रिसीव्हरला सांगितलं, वाकले, आणि धावत सुटले. पायात घरातल्या सपाता होत्या. गुडघा कुरकुरायचं विसरला.

किनाऱ्यावर गाव लोटलं होतं, पण आवाज नव्हता. धक्क्यावर, नावांच्या कडांवर, सायकली हातात धरून माणसं उभी होती. गर्दीत एबाता होती, न्हावी हातात कात्री तशीच घेऊन आला होता. कूमोदेने नागोशींना कोपराने पुढे ढकललं. लोक बाजूला झाले. आणि नागोशींनी पाहिलं.

आखाताच्या पलीकडे, रोज जिथे एक फिकट रेघ असते, तिथे ती रेघ नव्हती. तिथे शहर होतं, उंचच उंच, आणि ते पाण्याला कुठेही टेकलेलं नव्हतं. ते हलत होतं, हळूहळू, झोपेत कूस बदलावी तसं. एक मच्छीमार बोट त्याच्याकडे चालली होती, आणि तिच्या डोक्यावर तीच बोट उलटी चालली होती, दोघींना एकमेकींचा पत्ता नसल्यासारखी. तटबंदी म्हणे! इतकी वर्षं आपण लोकांना काय वाटेल ते सांगत होतो. नागोशींना हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणालातरी सांगायला हवं होतं. पण इथे प्रत्येकाला दिसत होतंच, सांगायचं कुणाला?

ते वळले आणि गर्दीतून वाट काढू लागले.

"अरे, कुठे चाललास?" कूमोदे मागून ओरडला. "अजून आहे! चांगलं तासभर राहील!"

"फोन चालू आहे," नागोशी म्हणाले.

घरात ऊन भिंतीवर चढलं होतं. गादीवर रिसीव्हर होता तसाच होता. नागोशी धापा टाकत खाली बसले आणि तो कानाला लावला. पंखा फिरत होता.

"आहात?"

"आहे. निरोप विभागाने मघाशी उचलला होता. मी म्हटलं, साहेब बाहेर गेलेत." मग, घाईघाईने, "दिसलं?"

आणि नागोशी सांगू लागले. त्यांना काही नीट सांगता येईना. शहर तरंगत होतं म्हणाले, मग म्हणाले नाही, तरंगत नव्हतं, थांबलं होतं. बोटीचं सांगताना हातांनी दाखवू लागले आणि हात दिसत नाहीत हे आठवून लाजले. अर्धी वाक्यं सोडून दिली. पर्यटन विभागातल्या कुठल्याही नवशिक्याला इतक्या वाईट वर्णनासाठी त्यांनी दिवसभर बोलून घेतलं असतं. कियुनाबाई मधूनमधून "हो?", "मग?" एवढंच म्हणत होत्या. शेवटी त्यांनी एक विचारलं. हजारो लोकांनी नागोशींना फोन केले होते, कुठून दिसतं, किती वेळ टिकतं, गाडी कुठे लावायची हे सगळं विचारलं होतं, पण हे कुणीच विचारलं नव्हतं.

"तुम्हाला कसं वाटलं?"

नागोशींनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "फार बरं वाटलं हो."

संध्याकाळी फुसाए घरी आली तेव्हा नागोशी सवलतींचं पुस्तक मांडीवर उघडून गरम झऱ्यांची पानं पाहत बसले होते. सभासदत्व रद्द करायचं राहूनच गेलं होतं. फोन चालू ठेवून ते किनाऱ्यावर आल्याचं तिला कूमोदेकडून कळलं होतं, पण आता रिसीव्हर जागेवर होता. फुसाएच्या ते लगेच लक्षात आलं, आणि तिने विचारलं की फोन आधी कुणी ठेवला, त्या बाईंनी की तुम्ही? नागोशींनी खूप आठवून पाहिलं, पण त्यांना काही केल्या सांगता आलं नाही.